तेलुगू प्रार्थनेतलं बल्लारपूर

भामरागडच्या पलीकडच्या एका सरकारी दवाखान्यात माझी पहिली नेमणूक झाली तेव्हा मी बावीस वर्षांची होते. नर्सिंग चंद्रपूरला शिकले, घर बल्लारपूरला. ऑर्डर आली त्या दिवशी माय रडली आणि बाबा शेजारच्या मास्तरांकडून जिल्ह्याचा नकाशा मागून आणून बसले. गावाचं नाव नकाशावर नव्हतं. बाबांनी तिथं पेन्सिलीनं एक ठिपका काढला आणि म्हणाले, "हे पाय, इथी राहणार तू. नकाशावाल्याले माहीत नाई, पण माणसं असतील ना तिथी."

बाबा कागदाच्या कारखान्यात कामाला होते. छप्पन साली ऐन तारुण्यात ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि घरातले सगळे देव टोपलीत भरून वर्धा नदीत सोडून आले. त्यांच्या आईनं महिनाभर त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं, असं ते कौतुकानं सांगायचे. आम्हा भावंडांना त्यांनी एक गोष्ट पक्की शिकवली होती. आपण कोणापुढे मागत नाही, आपण आपलं काम करतो. परीक्षेच्या सकाळी मैत्रिणी देवळात जाऊन यायच्या, मी सरळ शाळेत जायची. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. उलट जरा गुर्मीच होती.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या, चार खाटा, औषधांचं एक कपाट आणि मागे आमचं क्वार्टर. डॉक्टर, मोठी नर्स, मी आणि झाडलोटीपासून बाळंतपणापर्यंत सगळ्यात हात लावणारी एक म्हातारी माडिया दाई. मोठ्या नर्सला मी सिस्टर म्हणायची. गावातले लोक त्यांना मोठ्या बाई म्हणत आणि मला लहान्या बाई. सिस्टर सिरोंच्याकडच्या, पन्नाशीच्या, लग्न न केलेल्या. त्यांची बोली तेलुगू. मराठी त्या शाळेत शिकल्या होत्या, म्हणून पुस्तकातल्यासारखं बोलायच्या. त्या ख्रिस्ती होत्या. रोज सकाळी दवाखान्याचं दार उघडायच्या आधी त्या टेबलापाशी बसायच्या, प्लास्टिकच्या पिशवीतून आपलं शास्त्र, म्हणजे बायबल, काढायच्या, पानभर वाचायच्या आणि मग डोळे मिटून तेलुगूत बोलायच्या. दहा मिनिटं, कधी पंधरा. तेवढ्या वेळात मी सिरिंजा उकळायला ठेवायची. त्यांनी मला कधी बस म्हटलं नाही आणि मी कधी बसले नाही. आमचं बरं चाललं होतं.

ती वर्षं तशीही धास्तीची होती. जंगलातून बंदूकवाले गावात येऊ लागले होते, त्यांच्या मागोमाग पोलीस यायचे, आणि दोघंही दवाखान्यात येऊन एकच विचारायचे, कोण आलं होतं. सिस्टर दोघांनाही सांगायच्या, आजारी लोक आले होते. मी मात्र जीप वाजली तरी दचकायची.

त्या वर्षी जूनच्या शेवटाला डॉक्टर जिल्ह्याच्या मीटिंगला गेले. दुसऱ्याच दिवशी टपालवाला गुडघाभर पाण्यातून चालत येऊन पत्रं देऊन गेला आणि त्यानंतर नदी चढली. रस्ता बंद म्हणजे दसऱ्यापर्यंत बंद, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. मीठ, रॉकेल, तांदूळ आधीच भरून ठेवलेलं असायचं. टपालात माझ्या धाकट्या बहिणीचं अंतर्देशीय होतं. शाळकरी अक्षरात लिहिलं होतं, बाबाच्या पोटात गाठ निघाली आहे, मेडिकलला नागपूरला नेत आहो, ऑपरेशन आहे. तू काळजी करू नको. माय ठीक आहे.

एवढंच. कधीचं ऑपरेशन, कसली गाठ, काही नाही. मी ते पत्र घेऊन नदीवर गेले. पाणी तांबडं, रुंद, मधून अख्खी झाडं वाहत चाललेली. डोंग्यावाल्यानं मला पाहूनच मान हलवली. मी परत आले आणि सिस्टरना पत्र वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, मेडिकलचे सर्जन चांगले आहेत. मग म्हणाल्या, आधी जेवून घे.

पुढचे दोन आठवडे मी कशी वागत होते ते आठवलं की आजही मला लाज वाटते. एका मुलाला इंजेक्शन देताना सुई वाकवली. रजिस्टरमध्ये कालचीच नावं पुन्हा लिहिली. गाठ या शब्दाचे नर्सला जेवढे अर्थ माहीत असतात तेवढे सगळे मी दिवसभर मनात उलटेपालटे करत होते. बाबांनी शिकवलं होतं, काम कर. पण इथं करण्यासारखं काही नव्हतं. मागायचं नाही हेही शिकवलं होतं. मग माणसानं करायचं तरी काय, हे त्यांनी सांगितलेलं मला आठवेना.

एका सकाळी मी स्टोव्हपाशी उभी होते. सिस्टर टेबलाशी डोळे मिटून बोलत होत्या. त्यांचं तेलुगू माझ्या कानावरून रोज जायचं तसं जात होतं, आणि त्यात एकदम एक शब्द मला कळला. बल्लारपूर.

मी सिरिंजांकडे पाहत राहिले. पाणी उकळून सांडायला लागलं तरी तशीच उभी. त्यांचं आटोपल्यावर मी विचारलं, "सिस्टर, तुम्ही बल्लारपूर म्हणालात?"

"हो."

"माझ्या बाबांसाठी?"

"रोज म्हणते. पत्र आल्यापासून."

मला राग आला. खरं सांगायचं तर राग का आला हे मला तेव्हाही कळलं नव्हतं. जणू त्यांनी माझ्या बाबांना, न विचारता, जिथं ते कधी गेले नसते अशा कुणाच्या दारात नेऊन उभं केलं होतं. मी म्हटलं, "कोणाला विचारून? माझे बाबा हे मानत नाहीत."

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुला त्रास होत असेल तर नाव नाही घेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टोव्ह पेटवला, सिरिंजा टाकल्या, आणि माझ्या लक्षात आलं की मी कान देऊन ऐकते आहे. त्या बोलत गेल्या. मला एकही शब्द कळला नाही. तेलुगू संपलं, त्यांनी डोळे उघडले, पुस्तक पिशवीत गेलं. बल्लारपूर आलं नव्हतं. मीच तर नको म्हटलं होतं. पण दिवसभर मला असं वाटत राहिलं की कोणीतरी बाबांची खाट वॉर्डातून बाहेर व्हरांड्यात काढली आहे.

संध्याकाळी भाजी चिरताना मी त्यांना म्हटलं, "उद्यापासून घेत जा नाव. माझी काही हरकत नाही."

त्या फक्त बरं म्हणाल्या. आनंद झाल्याचंही त्यांनी दाखवलं नाही, आणि त्याबद्दल मी त्यांची अजून आभारी आहे.

त्यानंतर काही दिवसांनी मी स्टोव्ह आधी पेटवून ठेवायला लागले आणि त्या बोलत असताना समोरच्या स्टुलावर बसायला लागले. उभं राहण्यापेक्षा बसणं बरं दिसतं, एवढंच कारण मी स्वतःला दिलं. डोळे मी मिटत नव्हते. भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत बसायची. पण ती दहा मिनिटं दिवसातली एकच वेळ अशी होती की माझा जीव हलका व्हायचा. का व्हायचा? तक्त्यामुळे, बसल्यामुळे, की दुसरं कोणीतरी माझी काळजी शब्दांत धरून बसलं होतं म्हणून? मी ठरवू शकले नाही. बाबांना कळलं तर काय म्हणतील याची एक काळजी मात्र वाढली.

एकदा मी विचारलं, "तुम्ही इतकी नावं घेता, त्यातले किती बरे होतात?"

"काही होतात. काही मरतात."

"मग?"

"मग त्यांच्या घरच्यांची नावं घेते."

सप्टेंबर लागला तसा सिस्टरना ताप आला. पहिल्या दिवशी त्यांनी मलेरिया आहे का पाहायला स्वतःच स्वतःच्या रक्ताची स्लाइड काढली, गोळ्या घेतल्या आणि पेशंट पाहिले. दुसऱ्या दिवशी उठवेना. तेव्हा त्यांनी मला जवळ बसवून, शिकाऊ पोरीला सांगावं तसं सगळं सांगितलं. ताप मेंदूत चढला तर मी काहीबाही बोलेन, तू घाबरू नकोस. क्विनाईनची इंजेक्शनं कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहेत. सलाईनमधून द्यायची, इतक्या वेळात इतके थेंब, घाई करायची नाही. माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या मला ओळखेनाशा झाल्या.

डॉक्टर नदीपलीकडे. डोंगा नाही. बावीस वर्षांची मी, आयुष्यात कधी डॉक्टरशिवाय क्विनाईन न दिलेली. दाईनं त्यांचे हात धरले आणि मी शीर शोधली. दुसऱ्या टोचणीला सापडली. मग थेंब मोजत बसले. त्या तेलुगूत कोणाला तरी हाका मारत होत्या. मला वाटतं आईला. पण त्यांची आई त्या लहान असतानाच गेली होती, आणि मिशनच्या बोर्डिंगात त्या वाढल्या होत्या.

दुपारी दाईनं मला बाहेर बोलावलं. तोडक्या मराठीत तिनं विचारलं, पेरम्याला बोलावू का. पेरमा म्हणजे गावचा पुजारी. त्याच्याकडे आजारी माणूस नेऊ नका, आधी दवाखान्यात आणा, हे मी आल्यापासून गावोगाव ओरडून सांगत होते. दाईच्या डोळ्यांत पाणी होतं. तिच्या दोन नाती सिस्टरच्याच हातून जन्मल्या होत्या. मी म्हटलं, "बोलाव. पण आत येऊ देऊ नको. बाहेरच काय करायचं ते करू दे."

तो आला, अंगणात तांदळाचे दाणे मांडून बसला आणि हळू आवाजात काही म्हणत राहिला. मी आत येऊन सिस्टरच्या उशाशी बसले. तेवढ्यात त्यांनी डोळे उघडले. मला ओळखलं.

"मला भीती वाटते," त्या मराठीत म्हणाल्या.

त्यांना भीती वाटू शकते हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं. मी म्हटलं, "बरं होईल, सिस्टर. औषध चाललं आहे."

"प्रार्थना येत नाही. शब्द सुटून चालले. तू म्हण."

"मला येत नाही."

"नावं घे. नावं तर येतात."

आणि मी नावं घेतली. बाहेर पेरम्याचं सुरू, बाटलीतून थेंब पडताहेत, आणि मी, माझ्या बाबांची मुलगी, हात कुठं ठेवायचे हे न कळून मांडीवर धरून, मराठीत एकेक नाव घेत होते. पायाळू बाळाची आई. कोपऱ्यातल्या खाटेवरचा खोकल्याचा म्हातारा. ज्याला अस्वलानं ओरबाडलं होतं तो. दाई. तिच्या नाती. मग सिस्टर. मग बाबांचं नाव, पूर्ण, आडनावासकट, हजेरीपटात असतं तसं. कोणाला सांगते आहे हे मला माहीत नव्हतं. शेवटी, सिस्टर शेवटी येशूचं नाव घेत हे ऐकून माहीत होतं, म्हणून मी तेही घेतलं. ते घेताना मला चोरी करताना होईल तसं झालं. दुसऱ्याच्या घरात शिरून पाणी पिल्यासारखं.

सिस्टर पुन्हा ग्लानीत गेल्या. आणि मला शांत वाटलं.

याहून नीट मला सांगता येत नाही. उजेड दिसला नाही, आवाज आला नाही. दोन महिने माझ्या छातीवर कोणी बसून राह्यलं होतं, ते उठून गेलं. मी बाटली बदलली, नाडी पाहिली, दाईला चहा करायला सांगितला. आणि त्या क्षणी माझी खात्री पटली की बाबा बरे आहेत.

चौथ्या दिवशी सिस्टरचा ताप उतरला. पाचव्या दिवशी त्यांनी भाताची पेज मागितली आणि मीठ कमी आहे म्हणाल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, पेरम्याचंसुद्धा. वाटलं, चिडतील. त्या हसल्या. मी म्हटलं, "तुम्हाला क्विनाईननं वाचवलं, सिस्टर."

"ते तर खरंच. पण क्विनाईन कोणी पाठवलं?"

"मे महिन्यात जिल्ह्याच्या गाडीतून आलं होतं. माझी सही आहे."

त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

पुढचा महिना माझ्या त्या वर्षातला सगळ्यात चांगला गेला. मी रोज स्टुलावर बसत होते, आता डोळे मिटून. सिस्टर माझ्यासाठी थोडं मराठीत बोलायच्या, थोडं तेलुगूत. मी बाबांचं नाव घ्यायची ते काळजीनं नव्हे, खुशाली कळवावी तसं. मनातल्या मनात मी त्यांच्याशी वादही घालायची. बाबा, यात मागणं नाही, मी म्हणायची. आहे तेच बोलून दाखवते. ते काय म्हणतील हेही मीच ठरवायची.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पाणी उतरलं. डॉक्टर आले, आणि त्यांच्यासोबत तीन महिन्यांचं टपाल आलं. माझ्या नावाची चार अंतर्देशीय पत्रं आणि एक तार. तार पाहिल्यावर बाकीचं उघडायची गरज नव्हती. तरी मी उघडली. पहिल्यात ऑपरेशन नीट झालं होतं. दुसऱ्यात बाबा उठून बसले होते आणि वॉर्डातल्या लोकांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होते. तिसऱ्यात ताप आला होता. चौथं पत्र नव्हतंच तसं, भावानं लिहिलेल्या चार ओळी होत्या. पंधरा ऑगस्टच्या दोन दिवस आधी बाबा गेले.

मी दिवस मोजले. त्या दुपारी, सिस्टरच्या उशाशी बसून मी बाबांचं नाव आडनावासकट घेतलं, तेव्हा त्यांना जाऊन तीन आठवडे झाले होते. माझी खात्री पटली तेव्हा ते नव्हते. पुढचा सगळा महिना मी ज्यांची खुशाली कळवत होते ते नव्हते.

सिस्टर माझ्या शेजारी येऊन बसल्या. मी त्यांच्या अंगावरच गेले. म्हटलं, "मग मला जे वाटलं ते काय होतं? शांत वाटलं होतं मला. मी सांगितलं होतं तुम्हाला, बाबा बरे आहेत. तुम्ही मले काऊन टोकलं नाई?" मी त्यांच्याशी नेहमी शाळेतलं मराठी बोलायची. त्या दिवशी घरची बोली बाहेर आली.

"मला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या.

"आता तर माहीत आहे ना? सांगा मंग. कुठी गेलं ते सगळं? मेलेल्या माणसासाठी म्हणत होती मी."

मला वाटलं, आता शास्त्रातलं काही सांगतील, आणि सांगितलं तर मी उठून जाणार होते.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पन्नास वर्षं झाली, मला हे माहीत नाही."

आणि त्या रडायला लागल्या. मी त्यांना रडताना प्रथमच पाहत होते. तापात, भीतीतसुद्धा त्या रडल्या नव्हत्या.

घरी पोचायला मला दोन दिवस लागले. आलापल्लीपर्यंत जीप, पुढे एसटी. बाबांचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम केव्हाच होऊन गेला होता. घर नेहमीसारखंच होतं. बाबांचा डबा, पाणी भरून ठेवायचा माठ, सायकल. माय पांढऱ्या लुगड्यात स्वयंपाक करत होती. भावानं सांगितलं की शेवटच्या आठवड्यात बाबा माझ्याबद्दल विचारायचे, पोरगी तिकडे एकटी आहे का म्हणून, आणि माय सांगायची, मोठी नर्स आहे सोबत.

चार दिवस मी काही बोलले नाही. पाचव्या दिवशी दुपारी माय तांदूळ निवडत होती, मी तिला सगळं सांगून टाकलं. स्टूल, नावं, येशूचं नाव घेतलं तेही. मला वाटलं होतं, ती बाबांच्या फोटोकडे पाहील. ती तांदळातच पाहत होती.

"तुले बरं वाटलं होतं का?" तिनं विचारलं.

"हो. पण खोटं होतं ते, माय. बाबा तर गेले होते."

"बाबा गेले होते हे खरं. तुले बरं वाटलं हेबी खरं. त्यात खोटं कोनतं?"

मी खाली सांडलेले तांदूळ वेचायला लागले. ती सूप पाखडत म्हणाली, "तुया बाबाले खोटं चालत नव्हतं. जे झालं ते झालं म्हणाव. लपवून काऊन राह्यली मंग?"

मी बदली मागू शकले असते. घरच्या कारणावरून मिळालीही असती, भावानं अर्जसुद्धा लिहून आणला होता. मी तो ट्रंकेत टाकला आणि महिन्याभरानं परत जंगलात गेले. का गेले हे भावानं विचारलं तेव्हा मी सांगितलं, तिथं दुसरी नर्स नाही. ते खरं होतं, पण पुरतं नव्हतं.

परत गेल्यावर मी स्टुलावर बसले नाही. सकाळी सिस्टरचं सुरू झालं की मी व्हरांड्यात जाऊन पट्ट्या गुंडाळायची. त्यांनी बोलावलं नाही. दोन-तीन आठवडे असे गेले. मग एका सकाळी, कारण काहीच नव्हतं, कोणी मेलं नव्हतं, कोणी बरं झालं नव्हतं, मी पट्ट्या खाली ठेवल्या आणि आत जाऊन बसले. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, मला राग आहे, आणि पुढे काही सुचलं नाही. सिस्टरनी आमेन म्हटलं. एवढीच प्रार्थना.

त्यानंतर शांत वाटायला लागलं ते निराळं होतं. पहिल्या वेळी मी शांतीला बातमी समजून बसले होते. जीव हलका झाला म्हणजे तिकडे सगळं ठीक असणार, असा माझा हिशेब होता. आता तसलं काही कळत नव्हतं. रस्ता पुन्हा बंद होणार होता, माय एकटी पडली होती, बंदुका होत्याच. काही ठीक होईल याची मला खात्री नव्हती आणि तरी मी सकाळी उठून कामाला लागत होते. कोणी सोबत आहे असं वाटायचं. बाबांनी ज्यांना नदीत सोडलं त्यांच्यातलंच हे कोणी नसेल ना, अशीही शंका यायची. मग वाटायचं, बाबांनी जे सोडलं ते भीती घालणारं होतं, हे भीती काढून घेणारं आहे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेही पटायचं नाही. एका बाजूला बसून मी दुसऱ्या बाजूशी भांडत होते, आणि भांडणाच्या मधोमध जीव निवांत होता. असं कसं असतं हे मला अजून सांगता येत नाही.

दोन वर्षांनी मी बाप्तिस्मा घेतला. भावानं पत्र पाठवलं, बाबांनी आपल्याला कशातून बाहेर काढलं ते तू विसरलीस. मी विसरले नव्हते. बाबांचा फोटो, बुद्धाचा फोटो, दोन्ही माझ्या क्वार्टरमध्ये होते, आजही घरात आहेत. पण हे त्याला कागदावर समजावता येईना. पुढची सहा वर्षं तो माझ्याशी बोलला नाही. तो मला दोष देतो म्हणून मला त्याचा राग आला नाही, कारण अर्धी मी त्याच्याच बाजूची होते.

माय मात्र आली. बल्लारपूरहून एकटी, तीन गाड्या बदलून सिरोंच्याला. सिस्टरच्या गावातलं लहानसं चर्च, शेणानं सारवलेलं अंगण, तीस-चाळीस माणसं. माय शेवटच्या बाकावर लुगड्याचा पदर घट्ट धरून बसली होती. पाळकांनी मला सगळ्यांसमोर प्रश्न विचारले. विश्वास आहे का, असं विचारलं तेव्हा हो म्हणायचं असतं हे मला ठाऊक होतं. आदल्या दिवशी घोकलंही होतं. मी म्हटलं, "हो. पण मला सगळं कळलेलं नाही."

पाळक थांबले. त्यांच्या वहीत असं उत्तर नसावं. म्हातारे होते, चष्मा नाकावर घसरलेला. त्यांनी सिस्टरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "चालेल. मलाही नाही." आणि डोक्यावर पाणी घातलं.

मग अंगणात सगळ्यांचं जेवण झालं. आंबट वरण आणि कोंबडीचं तिखट. मायनं दोनदा पाणी मागितलं, पण ताटात टाकलं नाही. सिस्टर आणि ती शेजारी बसल्या होत्या. एकीला दुसरीचं मराठी धड कळत नव्हतं, तरी बराच वेळ बोलत होत्या. काय बोलल्या असं मी मायला घरी सोडायला जाताना परतीच्या गाडीत विचारलं.

"तिचे गुडघे दुखतात म्हणे," माय म्हणाली. "मी तिले निरगुडीचा शेक सांगितला." मग जरा वेळानं म्हणाली, "तिनं मले विचारलं, पोरीवर राग आहे का."

"मग?"

"मी म्हटलं, मले काही समजलं नाई. पण पोरगी झोपते म्हणते आता रात्री."

आष्टी येईपर्यंत ती खिडकीला डोकं टेकवून झोपली होती. तिच्या पिशवीत सिस्टरनी दिलेली कैरीच्या लोणच्याची बरणी होती. ती उलटू नये म्हणून मी पायांत धरून बसले.